पान एकशे बारावरचा वाडा

मी एक ग्रंथ बोलतोय. नुसतं पुस्तक म्हणालात तरी चालेल. पूर्वी राग यायचा, आता येत नाही.

पुण्याच्या एका संशोधन-प्रकाशनानं गेल्या वर्षी मला काढलं. विषय मराठवाड्यातले मेंढपाळ. कापडी बांधणी, शेवटी संदर्भसूची, पानोपानी तळटिपा. आम्ही तीनशे भावंडं. बहुतेक विद्यापीठांच्या कपाटांत गेली. तिथं वर्षानुवर्षं कुणी हात लावत नाही आणि त्या कोरेपणाचाच आम्हाला रुबाब. मला मात्र लेखकानं टपालानं तामलवाडीला धाडलं, बब्रुवान या म्हाताऱ्या मेंढपाळाच्या नावे. त्यांच्याच ओसरीवर बसून त्यानं आठ दिवस टिपणं घेतली होती.

मी पोचलो तेव्हा बब्रुवानांना जाऊन दोन महिने झाले होते. त्यांच्या बायकोनं, तारामतीबाईंनी, मला ठेवून घेतलं. त्यांना वाचता येत नव्हतं. सून मोनिका दुपारी अंगणवाडीतलं काम उरकून आली की मला मोठ्यानं वाचायची आणि तारामतीबाई मध्येच थांबवून सांगायच्या, ती विहीर कुठली, तो कुत्रा कसा गेला, कोणत्या रानात थोरला मुलगा झाला. माझ्यात न मावलेलं कितीतरी मी त्या दुपारी ऐकलं. तसे दिवस मला पुन्हा आले नाहीत.

मग एकशे बारावं पान आलं. ‘नळदुर्ग परिसरात या कुटुंबाच्या मालकीचा दगडामातीचा मोठा वाडा होता.’ खाली माझी लाडकी तळटीप: ‘हा वाडा आज अस्तित्वात नाही.’

“वाडा?” तारामतीबाईंनी विचारलं. “आमचा?”

“व्हय आत्या. दगडामातीचा, असंच लिव्हलंय.”

मेंढपाळांच्या बोलीत वाडा म्हणजे मेंढरं, घोडी, कुत्री, लेकरंबाळं घेऊन रानोमाळ हिंडणारा तळ. बब्रुवान म्हणाले होते, आमचा वाडा दिवाळीनंतर नळदुर्गाकडं असायचा. लेखकाच्या डोळ्यांपुढं चौसोपी घर उभं राहिलं आणि त्यानं ते छापूनही टाकलं. मी शरमेनं अर्धा झालो.

तारामतीबाई आधी हसल्या. मग मला हातात घेऊन त्या पानावरून बोट फिरवलं.

“मालक जल्मभर चालले,” त्या म्हणाल्या. “ह्या पुस्तकानं त्येंला भिंतीत बसवून ठिवलं.”

मोनिकानं प्रकाशनाला फोन केला. तिकडचे गृहस्थ भले होते; दुसरी आवृत्ती निघाली तर नक्की दुरुस्त करू म्हणाले. आमच्यासारख्यांची दुसरी आवृत्ती कधी निघते, हे मला विचारा.

शेवटी तिनं पेन घेतलं, ती ओळ खोडली आणि सासूनं सांगितलं तसं समासात लिहिलं: ‘आमचा वाडा म्हंजी चारशे मेंढरं, दोन घोडी आन् आमी. दोन दिस झाले की नवं रान.’ कोरेपण गेलं. इतकं खरं माझ्यात दुसरं काही नाही.

“आन् बाकीच्या पुस्तकांत गं?” तारामतीबाईंनी विचारलं.

मोनिकानं पेनाला टोपण लावलं. तारामतीबाई अजून अधूनमधून तेच विचारतात. थकल्यात आता.

म्हणून मी बोलतोय. माझी दोनशे नव्व्याण्णव भावंडं अजून तेच खोटं सांगत उभी आहेत. त्यातलं एखादं तुमच्या वाचनालयात भेटलं, तर एकशे बारावं पान काढा. वाचनालयाचं पुस्तक खराब करू नये, हे मलाही कळतं. तरी पेन्सिल घ्या, ती ओळ खोडा आणि बब्रुवानांना चालू द्या.