मुठीचा डबा

मित्रांनो, मी पत्र्याचा एक जुना डबा आहे. डब्याला कोण विचारतो? तरी ऐका.

बेगम बाजारातल्या एका कारागिराने मला ठोकून-वाकवून बनवलं. इंदुमतीबाईंनी मला तारनाक्याच्या आपल्या घरी आणून ओट्यावर ठेवलं. घर ख्रिस्ती. बाई रोज तांदूळ वैरण्याआधी एक मूठ माझ्यात टाकायच्या. "ही देवाची मूठ," म्हणायच्या. घरात शिजे तोच तांदूळ माझ्यात पडे. त्या मुठीपायी घरचा भात कमी पडायचा आणि ते फक्त बाईंना कळायचं, कारण शेवटी जेवायला त्याच बसत.

रविवारी मला चर्चमध्ये नेत आणि उपासनेनंतर तो तांदूळ भामाच्या पदरात जाई. भामा मंडळीतली विधवा. चार घरची धुणीभांडी करायची. घरी एक अशक्त लेक.

मग दिवस फिरले. बाईंचा मुलगा अविनाश परदेशी कंपनीत लागला. रंगीत टीव्ही आला, दारात गाडी आली, ताटात बारीक सोना मसुरीचा भात आला. सून शिल्पाने मूठ बंद केली. रेशनचा जाडा तांदूळ घरात कुणी खात नसे, पण कार्ड होतं म्हणून आणत. तो महिनोन्महिने पोत्यात पडून राही आणि शनिवारी माझ्यात ओतला जाई, गळ्यापर्यंत. पाळकसाहेबांनी भर उपासनेत या घराची स्तुती केली. पूर्वी मूठ होती, आता डबा भरून देतात, म्हणाले. मीही फुगलो. सांगायला लाज वाटते.

नाताळच्या आदल्या दिवशी भामा मागच्या दाराने आली. शिल्पा शेजारणींबरोबर करंज्या लाटत होती.

"अक्का, तांदळात किडे आहेत. निवडून, धुऊन घातला, तरी पोरीला चार दिवस जुलाब आहेत. पोटात काही ठरत नाही. घरातला मूठभर द्या, पेज पाजते."

"हिला आता सोना मसुरी पाहिजे," शिल्पा म्हणाली. "बिर्याणी पण बांधून देऊ का?"

शेजारणी हसल्या.

बाहेरून अविनाश म्हणाला, "कायकू तोंडी लागतेस? हिचं नाव काढून टाक. घेणारे ढीगभर आहेत."

"काढा, भाऊ," भामा म्हणाली. "पण आजची मूठ द्या."

इंदुमतीबाई खुर्चीतून बोलल्या, "शिल्पा, माझ्या वाटणीचा तांदूळ हिला दे. मला या डब्यातला भात घाल."

बाईंना वाटलं, मुलगा शरमेल. तिथेच त्या फसल्या.

"बरं आई. तुम्हीच म्हणालात हं," शिल्पा म्हणाली. आणि भामाकडे वळून, "उद्या पाहुणे आहेत, परवा ये."

नाताळच्या दुसऱ्या दिवशी भामा आली नाही. त्या दिवशी ती लेकीला पुरत होती. अविनाशने भलामोठा हार पाठवला. पाळकसाहेबांनी त्याचीही स्तुती केली.

बाईंच्या ताटात मात्र तेव्हापासून माझ्यातलाच भात पडतो. दात नाहीत, जाडं शीत गिळवत नाही. मुलगा समोर बसून डोळे मिटतो, देवबापाचे आभार मानतो आणि आपला पांढराशुभ्र भात जेवतो.

मित्रांनो, तुमच्या घरी असा डबा असेल तर त्याचं झाकण उघडा. त्यातलं तुम्ही स्वतः जेवाल का, एवढंच विचारा. जेवणार नसाल तर त्याला दान म्हणू नका. तो केर आहे. केर उकिरड्यावर टाका, माणसाच्या पदरात नको.