बश्यांना रडू येत नाही

प्रयोगशाळेत तिला सगळे मॅडम म्हणत. घरी मात्र पन्नाशी आली तरी ती बेबीच होती. लहानपणी बेबीचा गुडघा फुटला की आई कुंपणावरचा एक पाला ओरबाडायची, दगडावर ठेचायची आणि त्याचा गार, हिरवा लेप थापायची. त्या उग्र वासासरशी बेबीचं रडं थांबायचं.

आता आई थकली होती. तिच्या देखत तिच्या पाल्याचा गुण सिद्ध करायचाच, असं बेबीने मनावर घेतलं. तिने पाल्याचा अर्क काढला आणि जंतू वाढवलेल्या काचेच्या बश्यांत त्याचे थेंब सोडले. औषध लागू पडलं तर थेंबाभोवतीचे जंतू मरून स्वच्छ कडं उमटतं. दुसऱ्या दिवशी बघते तर जंतू खुशाल पसरलेले! पुन्हा करून पाहिलं, तरी तेच.

संध्याकाळी ती चाचरतच म्हणाली, "आई, तुझा पाला काहीच करत नाही गं."

शेंगा सोलता सोलता आईने मान वर केली. "तुझ्या बश्या रडत होत्या का?"

"बश्या कशाला रडतील?"

"तू मात्र हंबरडा फोडायचीस! जखम मी आधीच उकळलेल्या पाण्याने धुतलेली असायची. पण धुतली की तू निघालीस पुन्हा भिंतीवर चढायला. लेप सुकेपर्यंत तरी मांडीवर बसायचीस."

"म्हणजे इतकी वर्षं मला फसवलंस?"

"फसवलं कसलं? एरवी कुठे सापडायचीस तू मला?"

बेबीने शेंगांची टोपली जवळ ओढली आणि आईला खेटून बसली.