बॅकरोड १०५चा पहिला नंबर

आमच्या मॉरिस काउंटीत गाई किती, हे मी एकदा मोजून पाहिलं होतं. बावीस भरल्या. त्यातल्या चार आइस्क्रीमच्या दुकानांवर बसवलेल्या, फायबरच्या. बाकी सगळी काउंटी म्हणजे घरं, मॉल, आणि सकाळी न्यूयॉर्कला जाऊन संध्याकाळी थकून परत येणारी माणसं. तरीही आमच्या रेडिओ स्टेशनच्या मालकांनी ठरवलं की या लोकांना कंट्री, म्हणजे गावाकडची गाणीच हवीत. सप्टेंबरातल्या एका गुरुवारी दुपारी तीनपर्यंत आम्ही लिफ्टमध्ये वाजतात तसली गुळगुळीत गाणी लावत होतो. तीन वाजून एक मिनिटाने आम्ही बॅकरोड १०५ झालो.

आमचा प्रोग्राम डायरेक्टर वेन ऑस्ट्रँडर. जन्म कनेटिकटचा, वडील विमा कंपनीत. त्या दिवसापासून तो टोकदार बूट घालून यायला लागला आणि पट्ट्याला बशीएवढं बक्कल लावायला लागला. खाली वाकलं की ते पोटात रुतायचं, म्हणून पडलेली पेनं तो दुसऱ्यांना उचलायला सांगायचा.

"बर्नी," तो मला म्हणाला, "आजपासून माइकवर तू डिक्सी."

"मी एकावन्न वर्षं बर्नाडेट टेडेस्को आहे."

"होतीस. आणि जरा दक्षिणेकडच्यांसारखे शब्द ओढून बोल. तुझा 'हाउडी'चा नमस्कार ऐकला की कुणीतरी गाडी बाजूला घ्यायला सांगतंय असं वाटतं."

मी ओढून बोलायला लागले. सकाळी साडेपाच ते दहाचा कार्यक्रम माझाच राहिला, आणि या वयात तो हातचा घालवायची माझी तयारी नव्हती. वेनची आणखी एक मागणी होती.

"घरच्या गोष्टी सांग ना. कंट्री म्हणजे काय? आई, घर, कुत्रा."

"आई दोन वर्षांपूर्वी गेली. कुत्रा नाही."

"बहीण आहे ना?"

"बहिणीबद्दल माइकवर बोलायचं नाही."

"का?"

"एकदा बोलले होते."

ते असं झालं होतं. माझी थोरली बहीण फिलोमिना, म्हणजे फिल, इथून दहा मिनिटांवर, रॉकअवेत राहते. सात वर्षांपूर्वी तिचा नवरा रे तिला सोडून दातांच्या डॉक्टरकडे काम करणाऱ्या एका बाईकडे राहायला गेला. फिलने हे मला एका रविवारी सांगितलं. सोमवारी सकाळी सव्वासातला, गाणं संपून बातम्या सुरू व्हायला मध्ये चाळीस सेकंद होते, तेव्हा मी म्हणाले, "माझी बहीण फिल, तिचा नवरा बावीस वर्षं दातांच्या डॉक्टरकडे जायला टाळाटाळ करत होता. आता तिकडेच राहायला गेलाय." फोन वाजतच राहिले. लोक हसून हसून बेजार झाले. त्या वर्षी त्या किश्शाबद्दल मला लाकडी पाटीवर पितळी अक्षरांत बक्षीस मिळालं, आणि मी ते भिंतीवर लावलंसुद्धा. इतकी मी मूर्ख होते.

त्यानंतर फिल माझ्याशी एक शब्द बोलली नाही. पत्रं परत आली. नाताळचं कार्ड परत आलं, त्यावर 'परत पाठवा' आणि खाली पट्टी लावून मारलेली रेघ. तीन वेळा तिच्या दाराशी गेले, तिन्ही वेळा आत टीव्हीचा आवाज तेवढा मोठा झाला. आईच्या अंत्यविधीला ती रांगेच्या त्या टोकाला, मी या टोकाला. पाटी मी केव्हाच काढून टाकली आणि माइकवर घरच्यांचं नाव घेणं बंद केलं. पण ते तिला कोण सांगणार? मला आयुष्यात आता एवढंच हवं होतं की फिलने दार उघडावं. बाकी पहिला नंबर वगैरे वेनला हवा होता.

आणि तो त्याला मिळाला. जानेवारीत श्रोत्यांच्या मोजणीचे आकडे आले. आमच्याकडे मोजणी जुन्या पद्धतीची. मोजणी कंपनी घरोघरी छोट्या वह्या पाठवते, माणसं आठवडाभर आपण कुठलं स्टेशन किती वाजता ऐकलं ते लिहितात आणि टपालात टाकतात. पाच लाखांच्या काउंटीत वह्या भरून येतात चारशेच्या आसपास. म्हणजे एक माणूस हजाराच्या वर माणसांचा कौल देतो, आणि त्याला त्याचा पत्ताही नसतो. सकाळच्या वेळेत बॅकरोड १०५ पहिलं आलं होतं. चार महिन्यांचं पोर, आणि तीस-तीस वर्षांची स्टेशनं मागे टाकलेली.

वेनने पायावर कोसळू पाहणारं बक्कल सावरत सगळ्यांना मिठ्या मारल्या. सुपरमार्केटमधून केक आला, त्यावर आइसिंगचा घोडा होता. तो कुत्र्यासारखा दिसत होता, पण सगळ्यांनी घोडा म्हणूनच खाल्ला. रूट १०वर माझा टोपीतला फोटो असलेला भलामोठा फलक लागला. जाहिरातवाले फोन करायला लागले. ट्रॅक्टर विकणारासुद्धा आला. मॉरिस काउंटीत ट्रॅक्टर कोण घेणार, हे त्यालाही माहीत नव्हतं.

आमच्या धंद्यात एक रीत आहे. आकडे चांगले आले की स्टेशनची माणसं मोजणी कंपनीच्या ऑफिसात जाऊन त्या वह्या प्रत्यक्ष बघतात. लोकांनी काय लिहिलंय, शेवटच्या पानावर काय शेरे मारलेत, ते वाचतात. वेन म्हणाला, "चल, आपल्या माणसांचं अक्षर बघू." चार तास गाडी हाकत आम्ही मेरीलँडला गेलो.

तिथे मिसेस हॅथवे म्हणून एक बाई होत्या, राखाडी स्वेटर घातलेल्या. त्यांनी आमच्याकडून कागदावर सह्या घेतल्या. वह्यांवर नावं नसतात, फक्त वय, स्त्री की पुरुष, आणि टपालाचा पिनकोड. "कुणाची वही ओळखीची वाटली तर लगेच सांगायचं," त्या म्हणाल्या, "आणि वही भरणाऱ्याच्या वाटेला जायचं नाही. वर्षभर." मग त्यांनी चारशे वह्या खोक्यांतून मांडल्या आणि कोपऱ्यात विणकाम घेऊन बसल्या.

वेन एकेक वही उघडून हरखत होता. "हे बघ, पार्सिपनीचा माणूस, बत्तीस वर्षांचा, आपल्यासाठी गाडीत पाच मिनिटं जास्त बसतो!" एकाने विचारलं होतं की डिक्सी मूळची टेक्ससची आहे का. मी टेडेस्को, घराजवळच्याच नेवार्कच्या हॉस्पिटलात जन्मलेली. मला जरा अभिमानच वाटला.

मग माझ्या हातात एक वही आली. बाई, वय एकोणसाठ, पिनकोड रॉकअवेचा. सोमवार, साडेपाच ते दहा, बॅकरोड १०५. मंगळवार, साडेपाच ते दहा. मंगळवारी आधी दुसऱ्या कुठल्या स्टेशनचं नाव लिहून ते खोडलं होतं, पट्टी लावून, एक सरळ रेघ मारून. असं खोडणारी जगात एकच बाई मला माहीत आहे. तीस वर्षं ती शाळेच्या ऑफिसात होती.

मी पान उलटलं. त्या आठवड्यातल्या बुधवारी आमच्या टॉवरच्या खोलीत खार शिरली होती आणि अडीच तास स्टेशन बंद पडलं होतं. वहीत बुधवारीही साडेपाच ते दहा. बाजूला बारीक अक्षरात, 'सहा चाळीस ते नऊ दहा काही ऐकू आलं नाही. रेडिओ लावून ठेवला होता.'

शेवटच्या पानावर शेरे लिहायला जागा असते. तिथे लिहिलं होतं, 'सकाळची बाई माझं नाव घेते का हे बघायला ऐकते. अजून घेतलेलं नाही. गाणी बरी आहेत.'

माझ्या डोळ्यांना धारा लागल्या. वेनला वाटलं मी गाडीत पाच मिनिटं बसणाऱ्या माणसामुळे रडतेय. मी वही त्याच्यापुढे ठेवली.

"ही फिलची आहे," मी म्हणाले. "माझ्या बहिणीची."

त्याने वही वाचली. मग कोपऱ्यात बसलेल्या मिसेस हॅथवेंकडे बघितलं. मग आवाज खाली आणला.

"आठवड्याला साडेबावीस तास. बर्नी, एवढं तर मीसुद्धा ऐकत नाही."

"माहितेय."

"ही वही गेली तर आपण पाचव्या नंबरावर."

"माहितेय."

"तुला तिचं अक्षर ओळखायलाच हवं होतं का?"

मिसेस हॅथवेंनी सुया खाली ठेवल्या होत्या. त्या जवळ आल्या आणि सगळं ऐकून घेतलं. "दोनच रस्ते आहेत," त्या म्हणाल्या. "बहीण तुमच्या घरात राहत नाही, तेव्हा वही राहू शकते. पण मग वर्षभर तुम्ही त्यांच्या वाटेला जायचं नाही. फोन नाही, पत्र नाही, भेट नाही. नाहीतर वही बाद करते आणि तुम्ही मोकळ्या."

"वर्ष म्हणजे काय गं," वेन म्हणाला. "सात थांबलीस. अजून एक थांब. पुढच्या जानेवारीत मी स्वतः तुला तिच्या दाराशी सोडतो. फुलं माझ्याकडून."

त्याचं चुकत नव्हतं. आणि प्रामाणिकपणा उफाळून आला वगैरे काही नाही, प्रामाणिकपणाशी माझं तसं बरं आहे पण इतकं नाही. सात वर्षं मला वाटत होतं की दार उघडलं तरी मी काय सांगणार, माझ्यावर विश्वास कोण ठेवणार. आणि इकडे ती कोण जाणे किती महिने रोज पहाटे उठून माझी परीक्षा घेत होती, आणि मी पास होत होते. वर्षभरात तिला काही झालं तर? मी फलकावरच्या टोपीत मिरवत बसू?

"बाद करा," मी म्हणाले.

परतीच्या चार तासांत वेन फक्त एकदाच बोलला. "केकवर घोडाच होता ना?" त्याने विचारलं. मी हो म्हणाले.

शनिवारी सकाळी बेकरीतून पांढऱ्या दोऱ्याने बांधलेला खोका घेऊन मी रॉकअवेला गेले. घंटी वाजवली. आत टीव्ही नव्हता. दार साखळीएवढं उघडलं आणि फटीत फिलचं अर्धं तोंड दिसलं. सात वर्षांत तिचे केस पांढरे झाले होते. मला ते कुणी सांगितलं नव्हतं.

"मी तुझी वही पाहिली," मी एका दमात म्हणाले. "ती बाद झाली. मीच करायला लावली."

"फोन कुठाय तुझा?"

"खिशात."

"पत्रपेटीत ठेव. रेकॉर्डिंग नको."

मी फोन पत्रपेटीत ठेवला. साखळी निघाली. स्वयंपाकघरात तिने कॉफी ओतली, खोक्याचा दोरा सोडला, गुंडाळून खणात ठेवला.

"कसं ओळखलंस?"

"पट्टी लावून खोडलंस."

"मग काय, गिचमिड करू?"

मी म्हणाले, "फिल, मी चुकले. लोक हसले, आणि मला वाटलं, झालं. तू किती..."

"तुला काय वाटतं, मी कशाने चिडले?"

"सगळ्यांना कळलं म्हणून. शाळेत, चर्चमध्ये."

"चर्च गेलं खड्ड्यात." तिने कप खाली ठेवला. "मी आईला सांगितलं नव्हतं, बर्नी. फक्त तुला सांगितलं होतं. आईला बुधवारी जाऊन नीट सांगणार होते, हात धरून. ती रोज तुझा कार्यक्रम लावायची. तिने तो सोमवारी ऐकला, आणि तिला जोक कळला नाही. तिने मला शाळेत फोन केला आणि विचारलं, रेचे दात बरे आहेत ना?"

मला हे माहीत नव्हतं. आई मला कधी बोलली नाही. मी टेबलावर डोकं टेकून रडले, आणि फिलने मला रडू दिलं. थांबवलं नाही, पाठीवरून हातही फिरवला नाही. बऱ्याच वेळाने कागदी रुमालांचा डबा माझ्याकडे सरकवला.

"यातलं काही रेडिओवर नाही," ती म्हणाली. "कुठे लिहिलंस तर आधी मला दाखवायचं."

"दाखवीन."

"आणि सोमवारपासून मी ऐकणार नाहीये."

मी डोळे पुसायची थांबले. "का?"

"साडेपाचला उठून उठून माझं कंबरडं मोडलंय. शाळेतून निवृत्त कशाला झाले मी? आणि ते काय बोलतेस गं, 'हाऽऽउडी'? आईने ऐकलं असतं तर डॉक्टरकडे नेलं असतं तुला."

पुढच्या आठवड्यात रूट १०वरच्या फलकावरचं 'पहिला नंबर' झाकून त्यावर 'मॉरिसचा आवडता आवाज' अशी पट्टी चिकटवण्यात आली. वेन परत साधा पट्टा लावायला लागला. पेनं तो आता स्वतः उचलतो. माझा करार फक्त सहा महिन्यांसाठी वाढवला.

सोमवारी साडेपाचला मी माइक उघडला. साडेचार तास गाणी लावली, हवामान सांगितलं, रूट ८०वर ट्रक उलटल्याचं सांगितलं. दहा वाजून चार मिनिटांनी फोन वाजला.

"काही बोललीस माझ्याबद्दल?" फिल म्हणाली. नुकतीच उठल्यासारखा आवाज होता.

"नाही."

"बरं," ती म्हणाली, आणि रविवारी मी जेवायला किती वाजता येणार ते तिने विचारलं.