गच्चीवरची तांबडी शाल

दक्षिणेतून आलेला एखादा मराठी माणूस ग्वाल्हेरात हॉटेलात उतरला असं कानांवर आलं, की विजयाबाईंना तो आपलाच अपमान वाटे. शहरातल्या लष्कर भागात आपलं घर असताना माणूस पैसे देऊन जेवतो म्हणजे काय? पाटणकर बाजाराच्या मागच्या गल्लीत त्यांचं दुमजली घर होतं. नवरा रिसालदार संभाजीराव घोडदळातून निवृत्त झाले होते, मिशा मात्र अजून नोकरीत होत्या. दोन्ही मुली सासरी गेल्या होत्या. त्यामुळे घरात सदा कुणाचा तरी पुतण्या, कुणाचा मेहुणा, नाहीतर नुसताच ‘आमच्या गावचा’ असा पाहुणा असे.

हे पाहुणे दिवसभर शहर बघत आणि संध्याकाळी चहा पिता पिता सांगत. मानमंदिराच्या निळ्या भिंतींवर पिवळी बदकं आहेत. डोंगरात कोरलेल्या जैन मूर्तींच्या गुडघ्यालासुद्धा हात पुरत नाही. मेळ्यात विजेचे दिवे लागले की रात्र आहे हे विसरायला होतं. विजयाबाई पोळ्या लाटता लाटता सगळं ऐकत, आणि पुढचा पाहुणा आला की त्यालाच शिकवत. “आधी मानमंदिर करा, ऊन चढलं की फरशी भाजते. सासबहूच्या देवळात आत उभं राहून वर बघा, लोक बाहेरूनच लौटतात.” पाहुणा चकित होई. इतकं बारीक सांगणारी बाई स्वतः गडावर कधी गेली, हे विचारायचं मात्र कुणालाच सुचलं नाही.

ती कधी गेलीच नव्हती. पाहुणे गड चढत तेव्हा ते उतरल्यावर लागणारं जेवण चुलीवर असे. शिवाय रिसालदारांच्या घरची बाई पडदा लावलेल्या टांग्यातूनच बाहेर पडणार, आणि त्या चढणीवर टांगा जात नाही.

एक गंमत मात्र तिनं स्वतःसाठी ठेवली होती. लग्न होऊन आली त्या सालीच तिनं एका पाहुण्याला विचारलं होतं, “गडावरून आपलं घर दिसतं का हो?” त्यानं तोंडात पेढा असतानाच ‘हो’ अशी मान हलवली. तेव्हापासून रिवाजच पडला. पाहुण्यांनी बाकीचा गड बघून बाराच्या सुमाराला परत मानमंदिराच्या तटाशी येऊन उभं राहायचं आणि विजयाबाईंनी गच्चीवर जाऊन तांबडी शाल हलवायची. गच्चीवरून गडाचा लांबलचक तट दिसे, आणि त्याच्या एका टोकावरचा घुमट म्हणजेच मानमंदिर, असं तिनं मनाशी धरलं होतं. संध्याकाळी ती विचारी, “दिसले का मी?” आणि पाहुणा म्हणे, “अगदी स्पष्ट!” मग त्याच्या ताटात एक पोळी जास्त पडे. एकदा तरी तिथं उभं राहून आपली गच्ची बघायची, ही त्या बाईची आयुष्यातली एकुलती हौस होती. तिनं ती कधी कुणाला सांगितली नव्हती, कारण कुणी विचारलं नव्हतं.

छत्तीस सालच्या पौषात, ऐन मेळ्याच्या दिवसांत, संभाजीरावांचे साताऱ्याचे चुलतभाऊ रघुनाथराव आले. त्यांची ही दुसरी खेप, या वेळी बरोबर बायको कुमुदिनी होती. पहिल्याच रात्री पंगतीत विजयाबाईंचा गडाचा पाठ सुरू झाला, तेव्हा कुमुदिनी म्हणाली, “जाऊबाई, एवढं ठाऊक आहे तर उद्या तुम्हीच चला ना दाखवायला.”

संभाजीराव खो खो हसले. “ही काय दाखवणार? हिनं गडाची पहिली पायरीसुद्धा देखी नाहीये. सगळी सुनी-सुनाई बात.”

रघुनाथरावही हसले, म्हणजे त्यांना हसावं लागलं. विजयाबाई तुपाची वाटी घेऊन उभ्या होत्या. त्यांना राग आला, आणि नुसता राग नाही, लाज वाटली. आपण इतकी वर्षं उधारीवर बोलत होतो हे नवऱ्याला ठाऊक होतं आणि त्याला ते चारचौघांत हसण्यासारखं वाटलं. त्यांनी सगळ्यांना तूप वाढलं, वाटी खाली ठेवली आणि म्हणाल्या, “उद्या मी येते.”

“आणि खाणं कोण बनवेल?” संभाजीरावांनी विचारलं.

“पाहुणे गडावर जातात तेव्हा पाहुणे बनवतात का?”

“अगं, ते पाहुणे आहेत. तू घरची आहेस. भर उन्हात पैदल चढशील तर लोक काय म्हणतील?”

“मग मी पण पाहुणी होते.”

“आपल्याच घरात पाहुणी? असं कुठं होतं का?”

विजयाबाईंनी क्षणभर विचार केला. नवऱ्याचं म्हणणं त्यांना पटलं. “खरंय, घरात नाही होणार,” त्या म्हणाल्या. “घरात राहिले तर सकाळी चूल पेटवणारच मी. म्हणून हॉटेलात राहते.”

हे त्या रागाच्या भरात बोलल्या असं सगळ्यांना वाटलं. पण सकाळी त्यांची पेटी दाराशी तयार होती. यजमानीणच निघाल्यावर पाहुण्यांनी मागं राहून करायचं काय? कुमुदिनीनं मुकाट्यानं आपलंही सामान बांधलं, तिला मनातून आनंद झाला होता. निघताना विजयाबाईंनी तांबडी शाल घडी करून संभाजीरावांच्या आरामखुर्चीवर ठेवली.

“आज हॉटेल आणि मेळा, गड उद्या. उद्या बाराला गच्चीवर उभे राहा. मी वरून बघेन.”

“मी? शाल हलवत? पागल झालीस का तू?”

“मी हलवत होते तेव्हा मी पागल नव्हते,” असं म्हणून त्या टांग्यात चढल्या. टांगेवाला पडदा सोडायला लागला तेव्हा त्यांनी त्याला हातानंच थांबवलं.

हॉटेल स्टेशनाजवळ होतं. विजयाबाई आणि कुमुदिनी एका खोलीत, रघुनाथराव शेजारच्या. लोखंडी पलंग, वर मच्छरदाणी, भिंतीवर साहेबी शिकारीचं चित्र. विजयाबाईंनी चादर उलटून बघितली, खिडकीच्या कडेवरून बोट फिरवलं आणि धूळ सापडल्यावर त्यांचा जीव जरा भांड्यात पडला. आपलं घर काही वाईट नाही. तेवढ्यात बेअरा चहा घेऊन आला. स्वतः न करता हातात आलेला चहा. तो पाणचट होता, पण त्या कप हातात धरून बराच वेळ बसून राहिल्या.

“माँजी, सुबह नाश्ते में क्या लेंगी?” बेअऱ्यानं विचारलं.

“जो बना हो,” त्या सवयीनं म्हणाल्या. तो वळला, तशी त्यांनी त्याला हाक मारली. आपल्याला काय आवडतं हे आठवायला त्यांना वेळ लागला, कारण घरी नेहमी उरलेलं त्यांना आवडत असे. “आमलेट,” शेवटी त्या म्हणाल्या. “और गरम चाहिए.”

दिवेलागणीला तिघं मेळ्यात गेली. बल्बांच्या माळा, नौटंकीचे नगारे, ग्रामोफोनच्या दुकानाचा कर्णा, उंच पाळणा, आणि थंडीत वाफाळणारी कचोरी. पाहुण्यांनी सांगितलेलं सगळं खरं होतं, फक्त ते इतकं मोठ्यानं असेल असं त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. विजयाबाईंनी उभ्याउभ्या कचोरी खाल्ली. समोरून गल्लीतल्याच सदाशिवरावांच्या घरचा टांगा गेला. त्याचा पडदा दोन बोटं उघडला आणि तसाच राहिला. म्हणजे उद्या सकाळपर्यंत दाल बाजारापासून मुरारपर्यंत बातमी जाणार, की रिसालदारीणबाई भांडून हॉटेलात राहिल्या. विजयाबाईंनी पडद्याकडे बघून नमस्कार केला आणि दुसरी कचोरी मागितली.

सकाळी आमलेट गरम आलं. मग गड. चढण अशी, की पहिल्या दरवाजाशीच त्यांचा श्वास वर आणि पाय खाली राहिले. रघुनाथराव म्हणाले, “वहिनी, इथूनच बघितलं तरी चालेल.” त्यांनी उत्तर दिलं नाही, उत्तरात वाया घालवायला श्वास नव्हता. प्रत्येक दरवाजाच्या सावलीत बसत, पदरानं तोंड पुसत, पुन्हा उठत. हत्तीपोळ हा शेवटचा दरवाजा आल्यावर मात्र त्यांनी वर बघितलं आणि त्या बसल्याच नाहीत.

निळा रंग ऐकून होत्या तसाच होता. पिवळी बदकं होती, केळी होत्या, हत्ती होते. पण जिथवर माणसाचा हात पोचतो तिथवर भिंतीवरच्या रंगीत फरश्या उचकटलेल्या होत्या, आणि हात पोचत नाही तिथं सगळं शाबूत होतं. हे त्यांना एकाही पाहुण्यानं सांगितलं नव्हतं. त्यांना पाहुण्यांचा थोडा रागच आला.

बारा वाजत आले तशी त्यांची घाई सुरू झाली. मानमंदिराच्या तटाशी त्या जवळजवळ धावतच गेल्या. खाली जुनं ग्वाल्हेर पसरलं होतं, मकबऱ्याचा घुमट होता, आगगाडीचे रूळ होते, आणि लांब धुरकट मुरार. त्यांनी डोळ्यांवर हात धरला. मग दुसरीकडून बघितलं. मग वाकून बघितलं, तेव्हा कुमुदिनीनं त्यांचा पदर धरला.

“भावोजी, आपलं लष्कर कुठंय?”

रघुनाथरावांनी घसा खाकरला. “लष्कर ना… ते जरा पलीकडं.”

“पलीकडं कुठं?”

त्यांनी अंगठ्यानं पाठीमागं दाखवलं. मागं सगळा गड आडवा पसरला होता, आणि लष्कर होतं त्याच्याही पार, दक्षिणेच्या टोकाखाली. मानमंदिराच्या तटावरून तिकडची एक गच्चीसुद्धा दिसत नव्हती. कधी दिसणं शक्यच नव्हतं.

“मागच्या खेपेला मी तुम्हांला दिसले होते,” विजयाबाई म्हणाल्या. “शाल तांबडी होती असंही म्हणालात.”

रघुनाथराव खाली बघत राहिले. “वहिनी, तुम्ही इतक्या हौसेनं विचारलंत. नाही म्हणवेना.”

कुणालाच ‘नाही’ म्हणवलं नव्हतं. माणसं वाईट नव्हती, जेवून तृप्त झालेली होती, एवढंच. विजयाबाईंना त्या सगळ्या दुपारी आठवल्या. तापलेल्या गच्चीवर पाय उचलून उचलून टाकत, कुणाच्या तरी दिशेनं हात हलवणारी एक बाई. त्यांचे डोळे भरून आले आणि त्यांनी ते लपवले नाहीत. मग त्यांनी दक्षिणेकडं बघितलं. ते टोक बरंच लांब होतं, कुमुदिनीच्या पायांना फोड आले होते, आणि बारा तर वाजून गेले होते.

“उद्या,” त्या म्हणाल्या आणि उतरायला लागल्या.

संध्याकाळी हॉटेलच्या व्हरांड्यात त्या पाय लांब करून बसल्या होत्या, तेवढ्यात संभाजीरावांचा टांगा आला. डोक्याला फेटा, काखेत शाल. कुमुदिनी आणि रघुनाथराव शहाण्यासारखे आत निघून गेले. संभाजीराव समोर उभे राहिले. त्यांचं कपाळ उन्हानं लाल झालेलं होतं. चला आता घरी, तमाशा पुरे, असं बोलायला ते आले असावेत. तोंडातून मात्र वेगळंच निघालं.

“दिसलो का?”

विजयाबाई त्यांच्याकडे बघत राहिल्या. ‘अगदी स्पष्ट’ एवढं म्हटलं की झालं असतं. दोन शब्दांत म्हातारा खूश झाला असता, आणि तेच दोन शब्द आपल्यालाही किती गोड लागत होते, हे त्यांना त्या क्षणी नीट कळलं.

“नाही,” त्या म्हणाल्या. “तिथून आपलं घर दिसतच नाही. कुणालाच कधी दिसलं नाही.”

संभाजीराव खुर्चीवर बसले. काखेतली शाल त्यांनी मांडीवर घेतली. “मी घंटाभर उभा होतो,” ते म्हणाले. “धूप इतकी होती. शेजारचे सगळे बघत होते. हात दुखायला लागला, पण म्हटलं, तू बघत असशील.”

“मी तीस वर्षं उभी होते.”

मिशीकडे गेलेला संभाजीरावांचा हात मध्येच खाली आला. बेअरा आला आणि साहेब काय घेणार म्हणून विचारू लागला, तेव्हा त्यांनी बायकोकडं बघितलं, जणू तीच सांगेल. तिनं सांगितलं नाही.

“चहा,” ते शेवटी स्वतःच म्हणाले. मग शालीच्या किनारीवरून बोट फिरवायला लागले.

“दक्षिणेच्या टोकावरून दिसत असेल का?” त्यांनी विचारलं.

“ठाऊक नाही. उद्या जाऊन बघणार आहे.”

“बाराला मी पुन्हा गच्चीवर उभा राहतो,” संभाजीराव म्हणाले. “तू आरामात चढ. तू खाली येईपर्यंत मी हलणार नाही.”