आधी भुरीला हाक मार

मित्रांनो, मी एक जुना बटणांचा फोन आहे. जुना म्हणजे किती, तर माझ्या पाचच्या बटणावरचा आकडा पुसून गेलाय आणि पाठीचं झाकण रबराने बांधलेलं आहे. माझ्यात खेळ एकच, तोही सापाचा. फोटो निघत नाहीत, इंटरनेट चालत नाही. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. कारण एका दुपारी कितीतरी आजारी माणसांचा जीव माझ्या संपत आलेल्या बॅटरीवर टांगलेला होता, आणि ती दुपार आठवली की मी अजूनही खिशातल्या खिशात थरथरतो.

कारखान्यात आम्ही ढिगाने जन्मलो, त्यात सांगण्यासारखं काही नाही. माझं खरं आयुष्य म्हसवडच्या एका दुकानात सुरू झालं. केरबा नावाचे मेंढपाळ आत आले, खांद्यावर घोंगडं. त्यांनी मला हातात तोलून पाहिलं, उलटसुलट केलं, कोकरू पारखावं तसं पारखलं आणि म्हणाले, "पोरगी सांगलीला शिकायला चाललीया. पडला तरी फुटायचा न्हाई, असा द्या." दुकानदाराने तिथल्या तिथे मला फरशीवर आपटून दाखवलं. अशी माझी पहिली परीक्षा झाली, आणि मी पास झालो!

ती पोरगी म्हणजे प्रांजल. सांगलीच्या वसतिगृहात ती रोज संध्याकाळी मला कानाशी धरायची आणि आपल्या आबांशी, म्हणजे केरबांशी, बोलायची. आईची चौकशी नंतर, आधी भुरीची. "आबा, भुरी कशी हाय? चारा खाती का?" भुरी ही मेंढी. आई मेलेलं ते कोकरू प्रांजलने सुट्टीत बाटलीने दूध पाजून जगवलं होतं. तिला बोलवायची प्रांजलची एक हाक होती. आधी जीभ टाळ्याला लावून ट्रर्र करायचं आणि मग पोटातून ओरडायचं. ती हाक ऐकली की भुरी जिथे असेल तिथून धावत यायची. दुसऱ्या कुणाला ती दाद देत नसे.

पुढे प्रांजलला सांगलीतच एका सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी लागली. पहिल्या दिवशी कामाच्या सगळ्या साधनांत तिने माझाच नंबर नोंदवला. तिला आत शिरायचं असलं, की सहा आकड्यांचा कोड आधी माझ्याकडे येणार, मग दार उघडणार. मला कोण ताठा चढला! एवढ्या मोठ्या कॉम्प्युटरच्या दाराची किल्ली माझ्याजवळ!

पण ताठा किती दिवस टिकतो? चार पगार झाले आणि प्रांजलच्या हातात काचेचा मोठा फोन आला, नंबरही नवा. मी ऑफिसच्या खणात गेलो, गुंतलेल्या वायरी आणि बंद पडलेल्या माऊसच्या शेजारी. गरज सरो नि वैद्य मरो. तिने बाकी सगळीकडे नंबर बदलला, एका ठिकाणी राहिला. "उद्या बदलते," असं ती शेजारणीला म्हणालेली मी खणातून स्वतःच्या कानांनी ऐकलं. तो उद्या काही उगवला नाही.

दिवाळीला तिने मला माझ्या सिमकार्डासकट आबांच्या हाती दिलं. त्याच दिवसांत शेजारच्या तळावरच्या बिरदेवने फोनवर कुणालातरी कोड सांगितला होता आणि मेंढरं विकून आलेलं सगळं गमावून बसला होता. म्हणून प्रांजलने आबांना समोर बसवून पाठ द्यावा तसं सांगितलं, "आबा, मेसेजमधला नंबर कुणालाबी सांगायचा न्हाई. साहेब म्हनू दे, पोलीस म्हनू दे. आता आवाजाची बी नक्कल करत्यात. माझं नाव दिसलं, माझा आवाज आला, मी रडले, तरी न्हाई सांगायचं."

"न्हाई सांगणार," आबा म्हणाले. "सिद्धनाथाची आन."

तेव्हापासून मी मेंढरांमागे हिंडतो. ऊन, धूळ, लोकरीचा वास. मला ते आवडतं, खोटं कशाला बोलू? फक्त प्रांजलचे फोन कमी होत गेले. आधी रोजचे रविवारवर आले, मग "आबा, मीटिंग हाय, नंतर करते" एवढ्यावर, आणि मग नुसते मेसेज. आबा अक्षर अक्षर लावून वाचायचे, "जे-व-ला-त का." वाचून होईपर्यंत जेवण होऊन गेलेलं असायचं.  मग आबा मला खिशात टाकायचे आणि पुढे चालायला लागायचे. मला मात्र राग यायचा, तिचा.

आता ती दुपार सांगतो.

आमचा तळ कराडच्या अलीकडे, लालासाहेब नावाच्या निवृत्त फौजींच्या रानात होता. ऊस तुटून गेला होता आणि लेंडीखतासाठी त्यांनी मेंढरं बसवून घेतली होती. रोज सकाळी आबा मला त्यांच्या घरी चार्जिंगला लावायचे. त्या दिवशी एक मेंढी विताना अडली, सगळी सकाळ तिच्यात गेली, आणि माझ्या बॅटरीची शेवटची काडी लुकलुकायला लागली.

तिकडे सांगलीत काय घडलं होतं ते मला नंतर प्रांजलच्या तोंडून कळलं. तिची कंपनी दवाखान्यांसाठी काम करते. कुठल्या खाटेवरच्या रुग्णाला कोणतं औषध, हे नर्सला पडद्यावर दिसतं, ते या लोकांनी बनवलेलं. त्या दिवशी त्यांनी त्यात एक बदल केला आणि तो दवाखान्यांकडे पाठवला. त्यात चूक राहिली. सगळी यादी एका ओळीने सरकली. चौथ्या खाटेचं औषध पाचव्या खाटेपुढे, पाचव्याचं सहाव्यापुढे! आणि दुपारच्या गोळ्या वाटायची वेळ अगदी तोंडावर आलेली.

चूक मागे घ्यायची किल्ली दोघींकडेच. एक स्वप्नाली, पण ती कोयनानगरच्या घाटात गाडीत होती आणि तिचा फोन लागत नव्हता. दुसरी आपली प्रांजल. तिने घाईघाईने लॉगिन केलं. पण लॅपटॉप नवा होता, आदल्याच दिवशी मिळालेला, आणि त्याला ती ओळखीची नव्हती. त्याने कोड मागितला. कोड कुठे आला? माझ्याकडे.

टिंग. आबांनी बघितलं, सहा आकडे. आणि लगेच मी वाजलो.

"काका, नमस्कार. मी धैर्यशील, प्रांजलच्या ऑफिसातून बोलतोय, तिचा टीम लीडर. ती कॉम्प्युटरपाशी अडकलीय. तुमच्या फोनवर आत्ता एक मेसेज आलाय ना? त्यातला नंबर जरा पटकन सांगा."

"आलास व्हय रं चोरा!" आबा कडाडले. "तुझीच वाट बघत हुतो! माझ्या लेकीचं नाव बी काढून ठेवलंस? समोर ये, टकुरंच फोडतो!" आणि त्यांनी फोन कापला. शाब्बास, असं मीसुद्धा म्हटलं. मला तरी काय ठाऊक?

मी पुन्हा वाजलो. या वेळी माझ्या पडद्यावर नाव होतं, प्रांजल.

"आबा, मी बोलतेय. प्लीज, वेळ नाहीये. सर खरंच आमचे आहेत. तो कोड मला आत्ताच्या आत्ता हवाय."

आवाज तिचाच होता. मी वर्षानुवर्षं तो आवाज वाहिलाय, मला कोण फसवणार? मला ओरडून सांगावंसं वाटलं, आबा, हीच ती! पण आम्हां फोनांना दुसऱ्याचं बोलणं पोचवता येतं, स्वतःचं नाही.

आबांचा चेहरा दगडासारखा झाला होता. "नाव बी दिसलं, आवाज बी आला," ते म्हणाले. "जसं सांगितलंवतं तसंच. आन् माझी पोर 'नाहीये' म्हणती व्हय? अशी बोलत न्हाई ती."

"आबा, ऐका! चुकीच्या गोळ्या जातील माणसांना. कुणी मरंल, आबा!" आणि ती हमसून हमसून रडायला लागली.

आबांनी मला तळहाताने झाकलं आणि प्रांजलच्या आईकडे, दगडाबाईंकडे, वळले. "रडली बी बघ. सगळं तिनं शिकवल्यापरमानंच चाललंय."

कपाळ माझं! तिचीच शिकवण तिच्याच आड आली होती. कोडची मुदत संपली. प्रांजलने दुसरा मागवला, आणि मी पुन्हा टिंग केलं. त्या एका टिंगलाही माझी थोडी बॅटरी गेली. तिच्यामागे मला ऑफिस ऐकू येत होतं. प्रत्येक जण आपल्या फोनवरून एकेका दवाखान्याला गाठत होता. "सिस्टर, पडद्यावर बघू नका! गोळ्या थांबवा!" मग कुणीतरी घाबऱ्या आवाजात म्हणालं, "बाकी सगळे मिळाले, एक दवाखाना फोनच उचलत नाहीये."

दगडाबाई हातातली भाकरी तशीच टाकून उठल्या. "आवं, लेकरू रडतंय, आन् तुमी ताठून काय बसलायसा?"

"आन घेतलीया मी. सिद्धनाथाची."

"मग भुरीला हाक मारू द्या की तिला! मानूस फसंल, मेंढरू न्हाई फसायचं."

आबांनी क्षणभर दगडाबाईंकडे बघितलं. मग माझा स्पीकर चालू केला आणि मला उंच धरलं. "प्रांजल असशील तर भुरीला हाक मार."

भुरी लांब होती, बांधाच्या कडेला, पाठमोरी. कळप मध्ये पसरलेला.

सांगलीतून हाक आली. पण कसली? चोरटी, घशातल्या घशात. आजूबाजूला सगळं ऑफिस होतं ना! भुरीने मानसुद्धा उचलली नाही.

"न्हाई बघत," आबा म्हणाले. त्यांनी मला भुरीच्या दिशेने आणखी उंच धरलं. त्यांना ती खरी निघायला हवी होती हो, ते मला त्या हातातून कळत होतं. "लाजतीयास? माझी लेक कवा लाजली न्हाई."

पलीकडे खुर्ची मागे सरकल्याचा आवाज आला. आणि मग, मित्रांनो, आली ती हाक! "ट्रर्रऽ ट्रर्रऽ! यव् यव् भुऱ्येऽऽ! यव् गं माझे बाये!" माझा एवढासा स्पीकर, तो फाटतोय की काय असं झालं. पोटातून आलेली, माळावरची हाक, सांगलीच्या काचेच्या ऑफिसातून!

बांधाकडे एक मान वर झाली. भुरीने कान टवकारले, एकदा बेंऽऽ केलं आणि कळप तुडवत निघाली. आली ती थेट आबांच्या छातीवर पाय देऊन उभी राहिली आणि मला हुंगायला लागली. माझा पडदा ओला झाला. तेवढ्यात माझी शेवटची काडी गेली आणि मी बॅटरी संपल्याची शिट्टी दिली.

"आन खोट्यांसाठी हाय, माझ्या लेकीसाठी न्हाई!" आबा ओरडले. "घे पोरी. चार! शून्य! सात!" एष्टीचे नंबर वाचून ते इंग्रजी आकडे शिकले होते, चुकत नव्हते. "सात! दोन!"

मी म्हटलं, थोडा वेळ, देवा, थोडाच वेळ. एवढ्या वर्षांत स्वतःसाठी मी काही मागितलं नव्हतं.

"नऊ!"

आणि माझ्यापुढे अंधार झाला. तो नऊ मी पोचवला की माझ्यातच राहिला, मला माहीत नव्हतं.

डोळे उघडले तेव्हा मी लालासाहेबांच्या घरात चार्जरला लागलेला होतो. आबा धापा टाकत समोर उभे, पायात चप्पल नाही. रान ते घर पळत आले होते. लालासाहेब त्यांना म्हणत होते, "बसा केरबा, पाणी तरी घ्या." आबा बसले नाहीत. माझ्याकडे बघत राहिले.

मी वाजलो.

"झालं, आबा." प्रांजलचा आवाज बसला होता. "नऊ ऐकू आला. झालं सगळं. त्या एका दवाखान्यात सिस्टरच्या हातात गोळी हुती, पेशंटनं पानी मागून घेतलंवतं. तेवढ्यात यादी बदललेली तिला दिसली. कुनाला काय झालं न्हाई, आबा."

आबा खाली बसले. लालासाहेबांनी दिलेलं पाणी एका दमात संपवलं. मग म्हणाले, "लय वाईट बोललो तुला."

"न्हाई आबा, तुमी बरोबरच केलंसा. नंबर बदलायचा मी राहू दिला, सरांना सांगितलंय तसं."

"नंबराचं ऱ्हाऊ दे." आबांनी मला कानाशी घट्ट धरलं. "तू मधनंमधनं चार शब्द बोलत राहिली असतीस, तर माझी लेक वळखायला मला मेंढरू लागलं असतं व्हय?"

 पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला. माझा तिच्यावरचा राग तिथेच संपला.

त्याच दिवशी तिने नंबर बदलला. आता कुठला कोड माझ्याकडे येत नाही. हिशेबाने बघितलं तर मी भंगार. पण रोज संध्याकाळी मी वाजतो, म्हणून आबा मला चार्ज केल्याशिवाय रानात नेत नाहीत. मित्रांनो, तुमच्या घरातही कुठल्यातरी खणात माझा एखादा भाऊबंद पडला असेल. त्याला बाहेर काढा, चार्ज करा, आणि त्याच्यावरून कुणालातरी फोन लावा. मेसेज नको, आवाज द्या. कोड मात्र कुणाला सांगू नका, आबांसारखे घट्ट राहा. आणि घरच्या माणसाने "तूच कशावरून?" असं विचारलं तर चिडू नका, तेवढी ओळख आपणच जपायची असते.

परवाची गंमत सांगतो. प्रांजलने ऑफिसातून फोन केला आणि आवाज बदलून म्हणाली, "काका, तुमच्या फोनवर एक मेसेज आला असेल बघा."

आबा हसले नाहीत. त्यांनी माझा स्पीकर चालू केला, मला उंच धरलं आणि म्हणाले, "आधी भुरीला हाक मार."

पलीकडे ऑफिसातली सगळी खटखट थांबली. आणि तिने मारली.