डाव्या दाराचं रबर

आमच्या गाडीत शेजारच्या माणसाशी बोलायचं तर भांडल्यासारखं बोलावं लागायचं. पुलाच्या अलीकडे सिमेंटचा रस्ता लागला की खालून चाकांची अशी घरघर सुरू व्हायची की रेडिओ काय, माझा आवाज काय, सगळं त्यात बुडून जायचं. नवरा म्हणायचा, "बरंय की. आपण भांडलो तरी शेजारच्या गाडीला ऐकू जात नाही." तो धरणाच्या कामावर, पंधरवड्यातून एकदा घरी येणार. त्याचं काय जातं बोलायला. रोज त्या आवाजात असायचो मी आणि माझी लेक.

गाडी सासऱ्यांची. सासूबाई गेल्या त्या दिवशी त्यांनी किल्ली खुंटीला अडकवली ती अडकवलीच. मी लग्न होऊन आले आणि मीच ती काढली. सासूबाईंना मी पाहिलेलं नाही. फोटोत आहेत तेवढ्याच, चष्मा कपाळावर सरकवलेला आणि ओठ मिटलेले, जणू कुणाची तरी चूक सापडली आहे आणि सांगावी की नको याचा विचार चाललाय.

लेक अडीच वर्षांची झाली तरी बोलत नव्हती. सासरे, म्हणजे बाबा, तिला बाईसाहेब म्हणतात, कारण ती सगळे हुकूम बोटाने सोडते. सगळे हसायचे. मीही हसायचे, आणि मग पाठ वळवून उगाच ओटा पुसत राहायचे. तिचे कान तपासून झाले होते, ते ठणठणीत होते. बोलणं शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, "तिला ऐकू येतंय हो. पण गोंगाटातून शब्द वेगळा काढणं तिला जड जातंय. शांत जागी तिच्याशी भरपूर बोला."

शांत जागा आणायची कुठून? दिवसभर ती पाळणाघरात, मी चष्म्याची भिंगं घासायच्या कारखान्यात. घरी आलं की मिक्सर, नळ, आणि बाबांचा टीव्ही. बाबांचे कान छापखान्यातल्या यंत्रांपायी गेलेत, त्यामुळे आमच्या बातम्या अख्खी गल्ली ऐकते. माझ्या वाट्याला लेक अख्खी येते ती फक्त गाडीत, जाता-येताना.

आणि गाडीत ती गुणगुणायची. मागे, माझ्या पाठीमागच्या तिच्या खुर्चीत, ओठ मिटून. आधी एक खालचा सूर, मग वर जाऊन ताणून धरलेला, मग हळूच विरघळत खाली. एवढंच. "आई" म्हणत नव्हती, पण हे होतं. चाकांच्या घरघरीतून मला ते तुटक तुटक ऐकू यायचं आणि मी त्याच्यावर दिवस काढायचे.

म्हणून मी ठरवलं, गाडी शांत करायची. तिला माझं बोलणं नीट ऐकू जाऊ दे.

गाड्यांच्या सीट शिवणारा एक कुशनवाला कारखान्याच्या रस्त्यावर आहे. त्याने चाकांवर टिचकी मारली, दारावर मारली. दार पत्र्याच्या डब्यासारखं ठण वाजलं.

"ताई, हे दार नाही, हा ढोल आहे. हवा किती भरलीय चाकांत?"

"पंपावरचा पोरगा भरेल तेवढी."

"मग तर काय. दगडावर बसून चाललाय तुम्ही."

आधी त्याने हवा बेताची केली. मग सीटा काढून, सतरंजी उचलून तळाला काळ्या डांबरी शीट चिकटवल्या, छोट्या रोलरने दाबून दाबून, भाकरीवरून हात फिरवावा तसं. दारांच्या पोटात तेच. चाकांच्या वरच्या कमानींना फेल्टचं जाड, लोकरीसारखं कापड. दोन दिवसांनी त्याने परत दारावर टिचकी मारली. धप्प. उशीवर मारल्यासारखी.

"आता तुम्ही चालवा, मी सामान होतो," म्हणाला आणि खरोखरच मागच्या डिकीत पाय दुमडून बसला. कान कुठे पत्र्याला, कुठे काचेला. त्याची पद्धतच ती. गाडीच्या सगळ्या फटींवर कागदी पट्ट्या चिकटवायच्या, आणि एकेक पट्टी काढत त्याच रस्त्यावरून पुन्हा पुन्हा गाडी न्यायची. ज्या पट्टीनंतर आवाज येईल ती फट चोर. भर दुपारी आम्ही त्या पुलावरून किती खेपा केल्या कोण जाणे. लेक पाळणाघरात होती.

मागच्या डाव्या दाराची पट्टी काढली आणि पुलावर चढताना मला तो ऐकू आला. खालचा सूर. मी आरशात पाहिलं, लेक उठली की काय म्हणून. खुर्ची रिकामी. पूल उतरताना गाडीने वेग घेतला, सूर वर गेला आणि ताणून राहिला. वळणापाशी मी ब्रेक दाबला, तो विरघळत खाली आला.

माझ्या हातांवर काटा आला. मग मला कळलं आणि हसूच आलं. लेकीने ते दाराकडून उचललं होतं. घरघरीच्या आत हा आवाज पहिल्यापासून होता. मला ऐकू आला नव्हता, तिला आला होता.

कुशनवाल्याने दार उघडून रबरावरून बोट फिरवलं. "हे बघा. बाकी सगळं रबर गोल आहे, इथं वीतभर दबलंय. कुणीतरी वर्षानुवर्षं दाराला रेलून बसलंय इथं. एकाच जागी, एकाच तऱ्हेनं. कोण बसायचं?"

"माझ्या सासूबाई असतील."

"त्या फटीतून वारा वाजतो. बासरीसारखं. राहू द्यायचं का?"

आता लिहिताना वाटतं, त्याने ते का विचारलं असेल. त्या वेळी माझ्या मनात एकच होतं. ज्या लेकीशी बोलायला मी तळमळते, ती माझ्याऐवजी दारापाशी शिकतेय. मला चक्क मत्सर वाटला, एका रबराचा.

"बदला," मी म्हणाले.

संध्याकाळी तिला घेतलं. पूल आला तरी गाडी तळघरासारखी शांत होती. मी बोलत सुटले. हा पूल, हा ट्रक, हा बघ लाल फुगेवाला. माझाच आवाज मला इतका मोठा लागला की मी दबकून बोलायला लागले. आरशात पाहिलं तर ती माझ्याकडे बघत नव्हती. डावीकडच्या रिकाम्या सीटकडे बघत होती. मग खुर्चीच्या पट्ट्यात अडकलेली असतानाच तिने हात लांबवला, पंजा उघडा, कुणी बोट द्यावं म्हणून धरतात तसा. वळण येईपर्यंत तो हात तसाच होता.

त्या दिवसापासून तिचं गुणगुणणं थांबलं. गाडीतही आणि घरीही. ती रडायची तेसुद्धा तोंड उघडून, आवाज न काढता. मी बोलून बोलून घसा बसवून घेतला. बोलणं शिकवणाऱ्या बाईंनी मान हलवली आणि म्हणाल्या, "घरात काही बदललंय का?" मी म्हणाले, काही नाही.

मग एका सकाळी बाबा तिला मांडीवर घेऊन बसले होते. त्यांचा तळवा नेहमी तिच्या पाठीवर असतो.

"सूनबाई, बाईसाहेबांचं इंजिन बंद का पडलंय?"

मी त्यांच्या कानाशी जाऊन विचारलं, "कसलं इंजिन?"

"अगं, ती गुणगुणायची ना. मला ऐकू कुठलं येतंय, पण हाताला लागायचं. आधी खाली, मग वर, मग खाली. मी बोललो नाही. म्हटलं सून म्हणेल, सासऱ्याचा स्क्रू ढिला झाला. तुझी सासू गाडीत तेच म्हणायची. मी यंत्रावर, ती त्याच छापखान्यात मुद्रितं तपासायला. येता-जाता मी गाडी चालवणार आणि ही मागे डाव्या खिडकीला डोकं टेकून. पुढे बस म्हटलं तर म्हणायची, पुढे बसले की तुझ्या चुका दिसतात. जन्मभर एवढंच गाणं. पोरीला कुणी शिकवलं ते? तू तर तिला कधी ऐकलंच नाहीस."

मी सगळं सांगितलं. दबलेलं रबर, वारा, पूल. त्यांना ऐकू जावं म्हणून मोठ्याने सांगावं लागलं आणि असल्या गोष्टी मोठ्याने सांगवत नाहीत.

बाबांनी खुंटीकडे पाहिलं. मग म्हणाले, "म्हणजे ती दाराचं म्हणायची, की दार तिचं म्हणायचं?"

मी तशीच कुशनवाल्याकडे गेले. जुनं रबर त्याने टाकलं नव्हतं, खिळ्याला टांगलं होतं.

"लोक आवाज काढायला येतात, ताई. घालायला पहिल्यांदाच कुणी आलं," म्हणाला. पण हसला नाही. रबर परत बसवलं, गाडी पुलावरून नेली. काही नाही. अंगठ्याने दाबून पाहिलं, दोरा घालून पाहिला, काढला. शेवटी रबरावर हात ठेवून म्हणाला, "एकदा उपटलं की त्याची बसकण जाते. ते ज्या माणसाच्या भारानं बसलं होतं, तो भार मी कुठून आणू?"

दुसऱ्या दिवशी सुट्टी होती, लेकीला फिरवून आणायला मी निघाले तर बाबा गाडीपाशी उभे. अंगावर इस्त्रीचा सदरा, आणि कानात मशीन. ते मशीन गाडीत कधीच लावायचे नाहीत, चाकांची घरघर त्यातून डोक्यात घुसते म्हणायचे. त्यांनी मागचं डावं दार उघडलं.

"बाबा, पुढे बसा की."

"नको. रेलून बसतो इथं. दबेल परत. दहा-बारा वर्षं लागतील, मला कुठे घाई आहे."

जन्मात पहिल्यांदा ते त्या जागेवर बसले. खांदा दाराला, डोकं काचेला. लेक टक लावून बघत होती. पूल आला, चढ संपला, उतार संपत आला. गाडी गप्प. आरशात बाबांचा चेहरा कसनुसा झालेला दिसला. मग त्यांनी घसा खाकरला आणि गुणगुणायला लागले. खालचा सूर बरा लागला. वरचा लागेना, भलतीकडेच फाटला.

"नाही," मागून कुणीतरी म्हणालं.

इतकं स्वच्छ, इतकं करडं, की मला क्षणभर कळेना कोण बोललं. मी गाडी कडेला घेतली. लेक भुवया जवळ आणून आजोबांकडे बघत होती.

"नाही," ती परत म्हणाली, आणि ओठ मिटून वरचा सूर लावून दाखवला. बरोबर जागी, ताणून.

बाबांनी डोळे पुसले, मशीन सारखं केलं. "ऐकलंस? पहिला शब्द काढला, तोही माझी चूक काढायला. सासूवर गेलीय तुझ्या."

मी गाडी परत रस्त्यावर घेतली. पुढे सारा रस्ता दोघं गुणगुणत होते. बाबा चुकायचे, ती "नाही" म्हणायची, आणि मी वळणावर वळणं उगाच लांबून घेत होते.

परतताना रेल्वेचं फाटक लागलं. आगगाडी यायला वेळ होता. सगळ्यांनी इंजिनं बंद केली, मीही केलं. पिवळं ऊन काचेवर आलं होतं. वारा नव्हता, समोरच्या टपरीवरचं प्लास्टिकसुद्धा हलत नव्हतं.

मागून गुणगुणणं ऐकू आलं. खालचा सूर.

मी हसत आरशात पाहिलं. लेकीची मान कलली होती, तोंड उघडं, खालच्या ओठावर लाळेचा थेंब. गाढ झोपलेली. तिचा हात मात्र लांबवलेला होता, पंजा उघडा. बाबाही झोपले होते. पण दाराला रेलून नव्हे. ते दार सोडून तिच्या बाजूला सरकले होते. दाराशी एका माणसाची जागा करून द्यावी, तसे.

सूर वर गेला आणि ताणून राहिला. काचेपाशी, डावीकडे.

मी वळून पाहिलं नाही. पाहिलं असतं तर थांबला असता असं वाटलं. भीती होती, नाही कसं म्हणू. पण त्याहून मोठं एक होतं. तो तसाच वर राहिला होता, खाली येत नव्हता. आणि मला माहीत होतं का येत नव्हता. खाली येतो तो वळणापाशी, चालवणाऱ्याने ब्रेक दाबला की. गाडी तर उभी होती.

मी स्टिअरिंगवर हात ठेवले, ओठ मिटले आणि शेवटचा सूर मी लावला. हळूच, विरघळत, खाली.

मागे लेकीची बोटं मिटली, कुणाचं तरी बोट धरल्यासारखी.