दोन बोटं आखूड

मित्रांनो, मी एक जुना लाकडी कठडा आहे. सध्या एका सुताराच्या कारखान्यात भिंतीला लागून उभा असतो. पण माझी उमेदीची वर्षं चर्चमध्ये गेली, वेदीच्या अगदी समोर. ख्रिस्तप्रसाद घ्यायला लोक माझ्यापाशी ओळीनं गुडघे टेकत आणि कोपरं माझ्यावर ठेवत. डॉक्टरीणबाईंच्या खांद्याला त्यांची धुणंवाली खेटून असे. मला वाटे, ही सगळी माणसं मलाच मान देतात. गर्वच होता तो.

मला दोन सुतार भावांनी घडवलं. उजवा अर्धा भाग थोरल्याचा, डावा धाकट्याचा. मला बसवायच्या दिवशी कळलं की डावीकडचे पाय दोन बोटं आखूड आहेत. थोरला फादरांच्या आणि जमलेल्या सगळ्यांच्या देखत म्हणाला, "हे हातानं केलंस की पायानं?" लोक हसले. धाकट्यानं रंधा खाली ठेवला आणि तो निघून गेला. पुढे त्यानं वेगळा कारखाना थाटला. दोघांचं बोलणं बंद झालं ते माझ्यापायी. मला मात्र पाचरी ठोकून उभं केलं.

बारा वर्षं दोघं दर रविवारी माझ्यापाशी यायचे, थोरला उजव्या टोकाला, धाकटा डाव्या. पण गर्दीच्या दिवशी हवं ते टोक कुठून मिळणार? कधी दोघांमध्ये चार माणसं असत, कधी दोनच. एकदा तर मध्ये एकच म्हातारी होती. मी आशेवर होतो.

मग नवी पद्धत आली. वेदी भिंतीपासून पुढे सरकली, फादर लोकांकडे तोंड करून उभे राहू लागले आणि लॅटिन जाऊन मिस्सा, म्हणजे रविवारची उपासना, आपल्या भाषेत सुरू झाली. खोटं कशाला बोलू, ते चांगलंच झालं. इतकी वर्षं आपण कशाकशाला आमेन म्हणत होतो ते लोकांना आता कळलं. पण ख्रिस्तप्रसाद उभ्यानं, रांगेत घ्यायचं ठरलं आणि माझी अडचण होऊ लागली. मला मधोमध सोडवून शेवटच्या बाकामागे टेकवून ठेवलं. रांगेत समोरच्याची पाठ तेवढी दिसते. थोरलाही रुसल्यासारखा शेवटच्या बाकावर, माझ्या पुढ्यात येऊन बसू लागला. मला फार वाईट वाटायचं.

नव्या मिस्सेत एक गोष्ट मात्र माझ्याहून सरस होती. एका रविवारी फादर म्हणाले, "आता शेजाऱ्याचा हात हातात घ्या. एकमेकांना शांती द्या." लोक चुळबुळले, लाजले, मग हात पुढे झाले. तेवढ्यात पुढच्या बाकावरून धाकटा उठला. सगळं चर्च ओलांडून तो शेवटच्या बाकापाशी आला आणि हात पुढे करून हळूच म्हणाला, "दादा."

थोरला गुडघ्यांवर होता, डोळे घट्ट मिटून. लॅटिन कळत नसे, म्हणून मिस्सा चालू असताना तो जन्मभर जपमाळच ओढत आला होता. भाषा बदलली, त्याची सवय बदलली नाही. फादर काय म्हणाले ते त्यानं ऐकलंच नव्हतं आणि लोकांच्या गलक्यात ती हाकही विरून गेली. धाकट्याला वाटलं, आपल्याला पाहूनच यानं डोळे मिटले. त्यानं पुढे केलेला हात खिशात घातला आणि तो दाराकडे निघाला.

जरा वेळानं थोरल्यानं डोळे उघडले. नेहमीसारखं पुढच्या बाकाकडे पाहिलं, धाकट्याची जागा रिकामी दिसली, तसं त्यानं शेजाऱ्याला विचारलं, "आज धाकटा आलाय ना? तब्येत बरी आहे ना त्याची?" हात मिळवण्याच्या गडबडीत शेजाऱ्यानंही काही पाहिलं नव्हतं, त्यानं नुसती मान डोलावली.

दाराशी धाकट्याच्या बायकोनं विचारलं, "बोलले का भावोजी?"

"मान वर केली नाही त्यानं. पुरे झालं आता."

त्याच वर्षी थोरला गेला. धाकट्यानं मला फादरांकडून मागून आणलं, दोन्ही भाग जोडले, पाचरी काढल्या आणि डावे पाय दोन बोटं वाढवले. आता तो आजोबा झालाय. कुणी माझ्याविषयी विचारलं की सांगतो, "दादानं माझा हात घेतला नाही." मग फडक्यानं मला पुसत बसतो.

मित्रांनो, मला पुसणं नको, पॉलिश नको. त्याच्या कारखान्यात भुसा उडवत खेळायला तुम्हीच येता. माझं एवढं काम करा. आजोबांना सांगा, दादांनी तुमचा हात पाहिलाच नव्हता. डोळे उघडल्यावर त्यांनी सगळ्यात आधी तुमचीच चौकशी केली होती.